रुपेशनं फोन केलान

डोंगर कधी खचणार हे सांगता यायला लागून चार पावसाळे झाले होते. माणूस जागचा कधी हलणार, हे मात्र अजून ब्रह्मदेवालाही सांगता येत नव्हतं.

तळेबंदर तालुक्याची आपत्ती व्यवस्थापन अधिकारी दर्शना गोरिवले हिला दोन्हींचा पुरेपूर अनुभव होता. डोंगराचं त्या मानाने सोपं. उतारावर हातभर खोल काचतंतूंची केबल पुरलेली होती, आपल्या इंटरनेटची असते तसलीच. तिच्यातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. मातीत पाणी मुरून कण कणावरून सरकायला लागले की केबल किंचित ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात तो ताण उमटतो. डोंगर पडण्याआधी काही तास कुरकुरत असतो. पूर्वी ते कुणाच्या कानावर पडत नसे, आता दर्शनाच्या कचेरीतल्या पडद्यावर लाल रंगात दिसे.

तालुक्यात सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्या डोंगराखाली वरचीवाडी होती, आणि वरच्यावाडीत अगदी उताराला टेकलेलं शेवटचं घर दर्शनाच्या वडिलांचं, भिकाजी गोरिवल्यांचं. वाडी त्यांना भिकूतात्या म्हणे.

मागच्या पावसाळ्यात पडदा लाल झाला तेव्हा दर्शना स्वतः वर गेली होती. बाकीची घरं कुरबुरत का होईना, खालच्या शाळेत गेली. तात्या ओटीवर सुंभ वळत बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"बाबा, उठा. केबल सांगतेय."

"केबलीनं तुला सांगितलान. मला नाय सांगितलान."

"मी सांगतेय ना तुम्हाला!"

"तू काय, लहानपणापासून सांगतेसच हायस," म्हणून त्यांनी सुंभाला पीळ दिला.

शेवटी दोन होमगार्डांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. वाटभर तात्यांनी होमगार्डांच्या सात पिढ्या काढल्या. डोंगर त्या वेळी नुसता तडकला, पडला नाही. झालं! मग वर्षभर येईल-जाईल त्याला सांगायला त्यांना विषय मिळाला. "माज्या लेकीनं माजी वरात काढलान. डोंगर हाय तितंच हाय."

दर्शना हसण्यावारी न्यायची, पण ते तिला लागायचं. आई गेल्यापासून त्यांचं औषधपाणी, किराणा, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं तिनेच पाहिलं होतं. रोज संध्याकाळी फोनही तीच करायची. तिने सांगितलेली एक गोष्ट तात्यांनी ऐकली असेल तर शपथ.

या सगळ्यावर उतारा म्हणून सरकारने ‘साद’ आणली. ती बसवायला कंपनीचा मिहिर दांडेकर नावाचा तरुण आला. पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"इशारा बरोबरच असतो, मॅडम," तो म्हणाला. "तोंड चुकीचं असतं. तहसीलदारांच्या भोंग्यावर कोण घर सोडेल? प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याच्या शब्दावर ते घर हलतं. साद तो माणूस शोधते आणि त्याच्या आवाजात फोन करते."

शोधण्याची रीत त्याने समजावून सांगितली. कुणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, कुणाशी बोलून झाल्यावर माणूस खरोखर उठून कुठे जातो, कुणाचा जुना निरोप पुन्हा पुन्हा ऐकतो, या सगळ्याच्या खुणा फोनमध्ये राहतात. त्यावरून साद ठरवते. आवाज तयार करायला मिनिटभराचं बोलणं पुरतं. पुढे प्रत्येक फोनमधून ती शिकत जाते. ज्या वाक्याने माणूस घराबाहेर पडला ते ठेवायचं, ज्याने नाही पडला ते टाकायचं. तिला ध्येय एकच दिलेलं, माणसाचा फोन शाळेत पोचला पाहिजे.

"आणि लोकांची परवानगी?"

"ग्रामसभेत घेतली की. ताडपत्री वाटली त्याच दिवशी." ताडपत्री मिळत असली की वरचीवाडी कशालाही हात वर करते, हे दर्शनाला माहीत होतं.

मिहिरने नकाशावर एकेका घरावर बोट ठेवून दाखवलं. कुणाकडे मुंबईचा जावई निघाला, कुणाकडे भजनी मंडळाचा बुवा. एका बाईकडे तर जिच्याशी तिचं बांधावरून भांडण चालू होतं ती शेजारीणच निघाली, आणि त्यावर दोघं खूप हसले. मग तो शेवटच्या घरावर आला. दर्शनाने मनातल्या मनात स्वतःचं नाव वाचूनसुद्धा टाकलं होतं.

पडद्यावर नाव आलं, रुपेश गोरिवले.

रुपेश तिचा धाकटा भाऊ. वाडीच्या वरच्या अंगाला कुणा मुंबईवाल्याच्या बंगल्यासाठी डोंगर कापायचं काम निघालं, तेव्हा पोकलेन चालवायला हाच बसला होता. तात्यांनी त्याला उंबऱ्यावर अडवलं. "डोंगराला हात लावलास, आता या उंबऱ्याला लावू नको," एवढंच ते म्हणाले. तो वापीला निघून गेला तो गेलाच. नंबर बदलला, सणाला नाही, आईच्या वर्षश्राद्धालाही नाही.

"त्याचा आवाज कुठून मिळाला?" दर्शनाने विचारलं.

"तात्यांच्या फोनमध्ये त्याचा एक जुना निरोप आहे. ‘बाबा, काजूला फवारणी करून घ्या’ असं काहीतरी. तात्या तो रोज ऐकतात."

"रोज?"

"जेवण झालं की. तुमचा फोन येऊन गेल्यावर."

 दर्शना रोज विचारायची, "जेवलात का?" ते म्हणायचे, "व्हय, ठेव आता." ठेव आता म्हणजे कशासाठी, ते आज तिला समजलं. तिला भावाचा राग आला, बापाचा आला आणि समोरच्या पोराचाही आला. पण डोंगर काही तिच्या रागासाठी थांबणार नव्हता. बाबा जगले म्हणजे झालं, मग आवाज कुणाचा का असेना, असं स्वतःला बजावून तिने मंजुरीचं बटण दाबलं.

त्या आषाढात पडदा लाल झाला आणि सादने वाडीला फोन लावले. दर्शना शाळेत पोचते तो तात्या तिच्याआधी हजर! धुवट सदरा, डोक्याला तेल, चेहऱ्यावर असं तेज की तिने ते कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"रुपेशनं फोन केलान!" ते शाळेच्या व्हरांड्यात ज्याला-त्याला सांगत होते. "बापाची काळजी वाटलान त्याला. म्हनाला, बाबा, आदी शालेत जावा."

दर्शना सतरंज्या वाटत होती. तिच्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुला केलान काय फोन?"

"नाही."

"मग मलाच केलान," म्हणून ते समाधानाने भिंतीला टेकून बसले. दर्शनाने त्यांच्या पायावर सतरंजी पांघरली.

डोंगर त्या दिवशी थोडा सरकला, दोन गोठे गेले, माणूस एकही गेला नाही. जिल्ह्यातून शाबासकी आली. साहेबांनी प्रतिसाद शंभर टक्के असल्याचं पत्रकारांना सांगितलं. वरच्यावाडीत मात्र एक विचित्र गोष्ट घडली. आकाश भरून आलं की भिकूतात्या खूश व्हायला लागले. चार दिवस ऊन पडलं की दर्शनाला विचारत, "काय गो, तुजी केबल झोपली काय?"

पुढच्या खेपेला फोन झाल्यावर दर्शनाने त्याचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. आवाज हुबेहूब रुपेशचा, तसाच थोडा घोगरा.

"बाबा, शाळेत जावा बघू आधी."

"तू कदी येतोस ते सांग, मग जातो."

क्षणभर शांतता. मग रुपेशचा आवाज म्हणाला, "येतो बाबा. लवकरच येतो. तुम्ही निघा."

दर्शना मिहिरपुढे उभी राहिली. "हे बंद करा. तो यायचा नाहीये आणि हे मशीन त्याच्या वतीने शब्द देतंय."

"मशीनने शब्द नाही दिला, मॅडम. ज्या वाक्याने तात्या उठतात ते वाक्य निवडलं. नुसत्या ‘जावा’ने आता उठत नाहीत ते."

"खोटं आहे ते!"

"सरकारने आश्वासन देणं तुम्हाला नवीन आहे?" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. "बघा, आवाज काढून टाकतो. पण मग त्यांना उठवायला तुम्ही जाणार. तुमचं ऐकतील?"

 साहेबांना तिने लेखी कळवलं, तर साहेब म्हणाले, शंभर टक्क्यांत कशाला हात घालता, गोरिवले. मग तिने ठरवलं की बाबांना खरं काय ते सांगून टाकायचं. रविवारी ती वाडीत गेली.

तात्यांनी उंबरा दुरुस्त केला होता, त्याला गेरू लावला होता. घासून लख्ख केलेला तांब्या कोनाड्यात उपडा घातला होता. तांदळाचं पीठ दळून डब्यात भरलेलं होतं.

"आल्या आल्या आत नाय घ्यायचा त्याला," ते तिला समजावून सांगू लागले. "गरम भाकरीचा तुकडा ओवालून टाकीन, पायावर पानी घालीन, मग आत. बारा गावचा वारा लागलेला असतो मान्साला. तुजी आय असती तर तिनंच केलं असतं. पन बरं झालं. मीच त्याला या उंबऱ्यावरनं घालवला, मीच घेनार."

दर्शनाने कोनाड्यातल्या तांब्याकडे पाहिलं. तरी तिने सांगितलं. सगळं सांगितलं, निरोप, आवाज, मशीन, स्वतः दाबलेलं बटण. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेच एक नवल. मग ते शांतपणे म्हणाले, "तुला फोन केलान नाय त्यानं, म्हनून पोटात दुकतंय तुज्या."

"बाबा, माझी शपथ!"

"माजा आवाज मला कलत नाय? माज्या पोराचा आवाज कलत नाय?" त्यांचा स्वर चढला. "पोरगा वर्सांनी बोलायला लागलाय माज्याशी, आनि तू म्हनतेस मशीन! जलतेस तू. लहानपनापासून जलतेस त्याच्यावर."

ती उठली. पायऱ्या उतरताना तिला रडूही आलं आणि हसूही. मशीनचं गणित किती अचूक होतं! बाप तिच्या शब्दावर घरातून हलत नव्हता आणि तिच्या शब्दाने त्यांची खात्रीही हलत नव्हती.

श्रावणात तीन दिवस झोडपल्यावर पडदा पुन्हा लाल झाला, आणि या वेळचा लाल आधीच्यांसारखा नव्हता. उताराची अख्खी लांबी एकदम ताणली गेली होती. सादने फोन लावले. कचेरीतल्या नकाशावर वरच्यावाडीचे ठिपके एकामागून एक शाळेकडे सरकले आणि हिरवे झाले. तात्यांचा ठिपका सगळ्यांच्या पुढे होता. सगळी वाडी सुरक्षित, असा निरोप जिल्ह्याला गेला. कुणीतरी चहा मागवला.

दर्शनाने पूर्वीसारखंच रेकॉर्डिंग लावलं.

"नुसता येतो येतो करतोस," तात्या म्हणत होते. "या वक्ती नाय जायचा मी."

"बाबा, या वेळी खरंच निघालोय. वाटेत आहे."

"घरी येतोस?"

"हो, घरीच येतोय. तुम्ही आधी शाळेत जावा, मग मी पोचतोच."

दर्शनाने चहा ठेवला. घरीच येतोय. तिने तात्यांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. नकाशावर ठिपका हिरवागार, शाळेच्या मधोमध. डोळा लागला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पुन्हा लावला. या वेळी शाळेत खिचडीची व्यवस्था पाहणाऱ्या अंगणवाडीच्या सुमनताईंनी उचलला.

"ताई, तात्यांचा फोन हितं चार्जिंगला लावलेला हाय."

"आणि तात्या?"

"ते मगाशी भाकरी मागत व्हते. मी म्हटलं खिचडी हाय, गरम हाय, घ्या. तर म्हनाले, खिचडी काय ओवालायची हाय मला? आनि..." सुमनताई थांबल्या. "ताई, मला वाटलं मागं लघवीला गेले असतील."

दर्शनाने फोन फेकला आणि गाडीकडे धावली. धावताना ती मिहिरवर ओरडली, "त्यांना फोन लाव! रुपेशच्या आवाजात लाव, सांग त्यांना मी शाळेत आलोय म्हणून!" मिहिर पांढराफटक पडला होता. फोन लागून उपयोग नव्हता, तो शाळेत चार्ज होत होता.

भर दुपार होती. घाटीच्या वळणावर गाडी आली तेव्हा तो आवाज झाला. दगडांची मालगाडी उतरावी तसा, लांबलचक. मग धूळ नाही, काही नाही, नुसता लाल चिखल, आणि त्याच्यावर पूर्वीसारखाच पडणारा पाऊस.

बचाव पथकाला तात्या दुसऱ्या दिवशी सापडले, घराच्या मागच्या अंगाला, चुलीपाशी. परातीत पीठ मळलेलं होतं. बंगल्यासाठी कापलेली डोंगराची कड तिथूनच सुटली होती.

सादच्या अहवालात वरच्यावाडीचा प्रतिसाद शंभर टक्के राहिला. दरड कोसळली त्या क्षणी भिकाजी गोरिवले यांचा फोन शाळेत होता, म्हणजे भिकाजी गोरिवले शाळेत होते. त्यांचं नंतर काय झालं, हे सादला सांगायची सोयच नव्हती. दर्शनाने दोनदा कळवलं. दोन्हीदा उत्तर आलं की तक्रार पुढे पाठवली आहे.

रुपेश आला तो दहाव्याला. वाडीच उरली नव्हती, म्हणून तो कचेरीच्या मागे तिच्या क्वार्टरवर आला. दाराशी येऊन थांबला, लहानपणच्या सवयीने, कुणीतरी तुकडा ओवाळायला येईल म्हणून. दर्शना आतून बघत होती.

"ये आत," ती म्हणाली. "ओवाळणारं कुणी राहिलं नाही."

तो खाली बसला. जाड झाला होता, केस मागे गेले होते.  मग म्हणाला, "सुमनताई सांगत होत्या, मी फोन केला म्हणून खूश होते."

तिने ते शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. रुपेशने स्वतःचाच आवाज ऐकला, बापाला शाळेत जा म्हणताना, घरीच येतोय म्हणताना. ऐकता ऐकता त्याचा चेहरा वाकडा झाला.

"मी असं कधी बोललो नाही त्यांच्याशी," तो म्हणाला. "त्यांचा नंबर पाठ होता. इतक्यांदा हातात फोन घेतला..." आणि मग, "पुन्हा लाव."

तिने लावलं. त्याने पुन्हा लाव म्हटलं, तिने पुन्हा लावलं. शेवटी तिने फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. त्याच्याबद्दल तिला दया आली नाही. ती यायला हवी होती हे तिला कळत होतं, पण आली नाही. तेरावं आटोपून तो वापीला गेला, जाताना ते रेकॉर्डिंग मागून घेऊन गेला.

भाद्रपदात पुन्हा पाऊस लागला. वरच्यावाडीनंतर घाईघाईने कचेरीमागच्या टेकडीतही केबल पुरली होती. दर्शना सुट्टीवर होती, दुपारी क्वार्टरमध्ये पडून होती. फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, बाबा.

तिला सगळं माहीत होतं. टेकडी कुरकुरली असणार. सादच्या लेखी तात्या अजून शाळेत बसलेले होते, धडधाकट, आणि रुपेशशी ते जे जे बोलले त्यातून त्यांचा आवाज सादपाशी भरपूर जमा झाला होता. दर्शना गोरिवले कुणाच्या शब्दावर हलेल, हे सादने शोधून काढलं होतं. फोन कापायचा आणि छत्री घेऊन बाहेर पडायचं, एवढंच करायचं होतं. तिने उचलला.

"दर्शे," तात्या म्हणाले. "ऊठ गो. भाईर पड."

ती पडूनच राहिली. पलीकडे क्षणभर शांतता. कुठलं वाक्य लागू पडेल ते शोधलं जात होतं, हेही तिला माहीत होतं.

"तू सांगत व्हतीस तेच खरं व्हतं," तात्यांचा आवाज म्हणाला. "मी तुजं ऐकायला पायजे व्हतं. माजी शानी पोर ती. ऊठ."

बाबा हे कधीच म्हणाले नव्हते. जिवंत असते तरी म्हणाले नसते. त्यांच्या आवाजातलं ते मऊपणसुद्धा रुपेशसाठी होतं, तिथून उचलून तिला लावलेलं होतं. हे सगळं तिला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आले, बाबा," ती म्हणाली.

आणि फोन कानाला तसाच धरून, चप्पलही न घालता ती पावसात बाहेर पडली. कचेरीतल्या पडद्यावर तिचा ठिपका हिरवा झाला.